जन्मजात छिद्र आणि उतारवय



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, आम्ही गिरणी, संप, बोनस, फार तर किमान वेतन यांवर बोलू. तीस वर्षे युनियनच्या कचेरीत बसलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा तरी कोणती करावी? त्यातून आमचे शाळेतले शिक्षण नववीवर थांबले. पुढे जे काही वाचले ते पाळी संपल्यावर, नगर वाचनालयाच्या बाकावर बसून. असा माणूस हृदयाच्या रोगाचा इतिहास सांगायला उभा राहतो, हे धाडसच आहे. आम्ही वैद्य नव्हे. औषध सांगण्याचा अधिकार आमचा नाही, आणि तो आम्ही घेणारही नाही. पण या विषयात आमच्याकडे एक ऋण थकले आहे. ते आधी सांगतो, म्हणजे या धाडसाचे कारण कळेल.

आमच्या गावच्या एका सूतगिरणीत वाइंडिंग खात्यात एक बाई कामाला होत्या. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी वस्तीत आरोग्य तपासणीचे शिबिर झाले. तेथल्या एका तरुण डॉक्टराने अक्कांच्या छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकले, आणि चिठ्ठी लिहून दिली की, हृदयाचा आवाज बरोबर नाही, मोठ्या इस्पितळात दाखवावे. ती चिठ्ठी घेऊन अक्का आमच्याकडे आल्या. आम्ही तेव्हा पंचविशीत होतो, आणि युनियनचे काम म्हणजे माणसाची नोकरी टिकवणे, एवढेच आम्हांला ठाऊक होते. आम्ही म्हणालो, "अक्का, ही चिठ्ठी कुणाला दाखवू नका. अनफिट ठरवून घरी बसवतील. तुम्हांला कुठं काय होतंय?" खरोखरच त्यांना काही होत नव्हते. दोन बाळंतपणे झाली होती, घर आणि गिरणी दोन्ही चालू होते. चिठ्ठी ट्रंकेत गेली.

पन्नाशी उलटल्यावर अक्कांना दम लागू लागला. जिन्यावर मध्येच थांबावे लागे. जॉबर त्यांना कामचुकार म्हणू लागला. एका दवाखान्यात दमा ठरला आणि काही वर्षे दम्याचे औषध चालले. छप्पनाव्या वर्षी पाय सुजले, छाती धडधडू लागली, तेव्हा एका सरकारी इस्पितळात इको तपासणी झाली. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासूनचे भोक निघाले. पुढे काय झाले ते शेवटी सांगू. तूर्त एवढेच की, या घटनेने आम्हांला वाचायला बसवले. आम्हांला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती : त्या तीस वर्षांत काय गमावले, आणि छप्पनाव्या वर्षी काय उरले होते?

भोक म्हणजे काय

आईच्या पोटात आपणां सर्वांच्याच हृदयाला या ठिकाणी वाट असते. तेथे मूल श्वास घेत नाही. आईकडून आलेले शुद्ध रक्त फुप्फुसांना वळसा घालून डाव्या बाजूस जावे, म्हणून निसर्गाने ठेवलेली ती वाट. जन्मल्यावर मूल पहिला श्वास घेते, डाव्या बाजूचा दाब वाढतो आणि वाटेवरचा पापुद्रा दाराच्या फळीसारखा बसतो. चारांतल्या एकाचा हा पापुद्रा पुरता चिकटत नाही, पण बहुतेकांना त्याचा त्रास नसतो. आमचा विषय तो नव्हे. काही जणांत पडद्याचे कापडच कमी विणलेले असते, तेथे दार बसायला फळीच नसते. ते खरे भोक. नेहमी आढळणारा त्याचा प्रकार स्त्रियांत पुरुषांच्या सुमारे दुप्पट दिसतो.

अशा भोकातून डावीकडचे शुद्ध रक्त उजवीकडे गळते आणि पुन्हा फुप्फुसांकडे जाते. पाट फुटून एकाच वावरात दुप्पट पाणी शिरावे, तसे फुप्फुसांतून दुप्पट, कधी तिप्पट रक्त वाहते. हृदयाची उजवी बाजू हे जादा काम बिनतक्रार करते. बिनतक्रार, हाच या रोगाचा दगा. मूल निळे पडत नाही, खेळते, वाढते, लग्न होते, बाळंतपणे होतात. पुढे वय झाले, रक्तदाब वाढला, की डावा खालचा कप्पा ताठर होतो. त्यात रक्त सहज शिरेना, म्हणजे ते भोकातून अधिक गळते. जन्मापासूनचा दोष चाळिशी-पन्नाशीत डोके वर काढतो, त्याचे एक मोठे कारण हे.

मेल्यावर कळणारा रोग

या रोगाचा पहिला इतिहास शवविच्छेदनाच्या टेबलावर लिहिला गेला. व्हिएन्नाच्या रोकिटान्स्की या विकृतिशास्त्रज्ञाने १८७५ साली हृदयाच्या पडद्यांतील दोषांवर ग्रंथच लिहिला. १९१६ साली फ्रान्समध्ये ल्यूटेंबाशर यांनी एका ६१ वर्षांच्या स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. तिच्या वरच्या पडद्याला भोक होते, शिवाय डावीकडील झडप आकसलेली होती. ती सात वेळा गरोदर राहिली होती. वैद्यकाने तिला नाव दिले नाही, झडप आणि भोक यांच्या जोडीला मात्र ल्यूटेंबाशर यांचे नाव मिळाले. त्या बाईने ६१ वर्षांत किती जिने चढले आणि किती वेळा कुणी तिला आळशी म्हटले, हे कोठेही नोंदलेले नाही.

कॅनडात मॉन्ट्रिअल येथे मॉड ॲबट यांनी या नोंदींना शिस्त लावली. मॅक्गिल विद्यापीठाने स्त्री म्हणून त्यांना वैद्यकाचा प्रवेश नाकारला होता. त्यांनी दुसऱ्या महाविद्यालयातून १८९४ साली पदवी घेतली, आणि त्याच मॅक्गिलच्या संग्रहालयात बरण्यांतल्या हृदयांची यादी करण्याचे काम पत्करले. १९३६ साली त्यांचा एक हजार विकृत हृदयांचा सचित्र ग्रंथ निघाला. पुढे ज्यांनी या रोगांवर शस्त्र चालवले, त्यांच्या हाती आधी हा नकाशा होता.

मात्र नकाशा होता तो मेलेल्यांचा. १९३४ साली रोस्लर यांनी वरच्या पडद्याच्या भोकाची ६२ शवविच्छेदने तपासली. त्यांपैकी जिवंतपणी बरोबर निदान झालेला रोगी एकच निघाला. बाकीचे ६१ कोणत्या नावाच्या रोगाने गेले असे लोकांना वाटले असेल? दम्याने, क्षयाने, अशक्तपणाने, दैवाने.

हे चित्र पालटले ते एका नळीने. १९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्ड या लहान गावी फोर्समन नावाच्या तरुण डॉक्टराने स्वतःच्याच दंडाच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली, आणि चालत जाऊन क्ष-किरणांनी फोटो काढवला. हा आचरटपणा वाटला, आणि त्यांना हृदयाचे क्षेत्र सोडावे लागले. पुढे न्यूयॉर्कला कूर्नान आणि रिचर्ड्स यांनी त्याच वाटेने जाऊन हृदयाच्या प्रत्येक कप्प्यातला दाब आणि प्राणवायू मोजण्याची रीत बसवली. १९५६ साली तिघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा फोर्समन एका गावात मूत्रविकारांचे डॉक्टर म्हणून काम करीत होते. या रीतीमुळे उजव्या वरच्या कप्प्यातील रक्त अपेक्षेहून शुद्ध निघाले, तर शुद्ध रक्त कोठून तरी गळत आहे, हे जिवंत माणसात सिद्ध करता येऊ लागले.

भोक बुजवणारे, भोक पाडणारे

उघड्या हृदयावरच्या शस्त्रक्रियेचा आरंभ याच भोकापासून झाला, ही गोष्ट सामान्य वाचकाला क्वचितच ठाऊक असते. २ सप्टेंबर १९५२ रोजी मिनेसोटा विद्यापीठात लुईस यांनी एका पाच वर्षांच्या मुलीचे शरीर थंड करून, रक्तप्रवाह काही मिनिटे थांबवून, हे भोक शिवले. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात गिबन यांनी १८ वर्षांच्या एका मुलीचे हेच भोक शिवले, तेव्हा २६ मिनिटे तिच्या हृदयाचे आणि फुप्फुसांचे काम यंत्राने केले. त्या यंत्रामागे त्यांची जवळजवळ वीस वर्षांची मेहनत होती. पण पुढचे रोगी दगावले, आणि गिबन यांनी ते काम सोडून दिले. इतरांनी ते पुढे नेले.

येथे एका कामगाराची हकीकत सांगितल्यावाचून आम्हांला पुढे जाववत नाही. व्हिव्हियन थॉमस हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय सुताराचे पुत्र, आणि स्वतःही सुतार. डॉक्टर होण्यासाठी साठवलेले पैसे मंदीत बँक बुडून गेले. १९३० साली ते डॉक्टर ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत लागले. काम शस्त्रक्रियेच्या प्रयोगांचे, परंतु पगारपत्रकावर हुद्दा झाडूवाल्याचा. निळ्या पडणाऱ्या बालकांसाठी हेलन टॉसिग यांनी सुचवलेली शस्त्रक्रिया प्राण्यांवर करून बसवली ती थॉमस यांनी. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी बॉल्टिमोर येथे ब्लेलॉक यांनी ती प्रथम माणसावर केली, तेव्हा थॉमस त्यांच्या खांद्यामागे स्टुलावर उभे राहून एकेक टाका सांगत होते. १९४६ साली थॉमस यांनी आणखी एक काम केले. ज्या बालकांच्या हृदयातील मोठ्या वाहिन्यांची अदलाबदल झालेली असते, त्यांचे शुद्ध-अशुद्ध रक्त मिसळावे, म्हणून वरच्या पडद्याला मुद्दाम भोक पाडण्याची युक्ती त्यांनी शोधली. त्या शस्त्रक्रियेला नाव लागले ते दोन डॉक्टरांचे. थॉमस यांना विद्यापीठाने सन्मानाची पदवी दिली ती १९७६ साली.

ही गोष्ट आम्ही केवळ पगारपत्रकाच्या रागाने सांगत नाही. तिच्यात आमच्या विषयाची किल्ली आहे. जे भोक एकाला मारते, तेच दुसऱ्याला तारते. म्हणून भोक दिसले की बुजवा, हा नियम होऊ शकत नाही. कोणाचे, कोणत्या वयात, कोणत्या दाबाखाली, हे आधी विचारावे लागते.

जे टेबलापर्यंत पोहोचले नाहीत

शस्त्रक्रियेचा इतिहास आपण वाचतो तो वाचलेल्या मुलांचा. जे आधी जन्मले, दूर जन्मले, किंवा ज्यांची चिठ्ठी ट्रंकेत राहिली, ते त्या इतिहासाबाहेर म्हातारे होत होते, किंवा म्हातारे होण्याआधीच जात होते. मुंबईत आपल्या सर्वांच्या परिचयाचे उदाहरण मधुबाला यांचे. त्यांचे भोक खालच्या कप्प्यांमधले, म्हणजे प्रकार वेगळा. १९५४ च्या सुमारास त्यांच्या आजाराची वाच्यता झाली. त्याच वर्षी मिनेसोटात लिलेहाय यांनी तशाच भोकावर, एका बालकाचा रक्तप्रवाह त्याच्या बापाशी जोडून, शस्त्रक्रिया केली होती. 'मुगल-ए-आझम' १९६० साली पडद्यावर आला. पुढे लंडनला नेऊनही मधुबालांवर शस्त्रक्रिया झाली नाही. २३ फेब्रुवारी १९६९ रोजी, वयाच्या ३६ व्या वर्षी, त्या गेल्या. पैसा होता, नाव होते, उपायही जगात जन्मला होता. तरीही तो त्यांच्या वेळेवर पोहोचला नाही.

वरच्या पडद्याचे भोक न बुजवलेल्यांचा हिशेब लंडनच्या मॉरिस कॅम्पबेल यांनी १९७० साली मांडला. त्यांच्या गणिताप्रमाणे चौथा हिस्सा माणसे २७ व्या वर्षापर्यंत, निम्मी ३६ व्या वर्षापर्यंत आणि पाऊण हिस्सा पन्नाशीपर्यंत जात. हे आकडे इको तपासणीच्या आधीचे. त्या काळी मोठी भोके तेवढी सापडत. लहान भोके घेऊन सुखाने जगलेले त्या मोजदादीत आलेच नसणार. तरीही आकडा डोळे उघडणारा आहे.

मग उशिरा बुजवले तर? अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९५६ ते १९६० या काळात हे भोक शिवलेल्या १२३ जणांचा तपास सुमारे तीस वर्षे ठेवला गेला, आणि तो १९९० साली प्रसिद्ध झाला. २५ वर्षांच्या आत ज्यांचे भोक शिवले, ते इतर माणसांइतकेच जगले. ज्यांचे ४१ वर्षांनंतर शिवले, त्यांच्यापैकी २७ वर्षांनी शंभरात ४० हयात होते. त्याच वयाच्या सर्वसाधारण लोकांत हे प्रमाण ५९ होते. उशीर झाल्याची किंमत अशी आकड्यांत दिसते. उशिरा शिवलेल्यांत हृदयाचा ठोका अनियमित होणे आणि पक्षाघात, हेही राहिलेच.

पण म्हणून चाळिशीनंतर काही करू नये, असेही ठरले नाही. मेक्सिकोत चाळिशीपुढील ५२१ रोग्यांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली. काहींवर शस्त्रक्रिया, काहींना केवळ औषध. २००१ साली निष्कर्ष आला की, शस्त्रक्रिया झालेल्यांत मोठी संकटे, विशेषतः छातीचे वारंवार होणारे संसर्ग, कमी. मृत्यूच्या आकड्यात फरक मोठा नव्हता, पण शहाणपणाचा कल स्पष्ट झाला. उजवी बाजू फुगली असेल आणि फुप्फुसांतील दाब हाताबाहेर गेला नसेल, तर वय हे नकाराचे कारण नव्हे.

दरम्यान साधनही बदलले होते. १९७५ साली न्यू ऑर्लिन्स येथे किंग आणि मिल्स यांनी छाती न उघडता, मांडीच्या शिरेतून नळी नेऊन, भोकावर दुहेरी छत्री बसवली. पुढे अँप्लाट्झ यांनी निकेल-टायटॅनियमच्या तारेची विणलेली चकती केली. तिच्या आत पॉलिएस्टरचे कापड शिवलेले असते. अमेरिकेत तिला २००१ साली मान्यता मिळाली. सुतावर पोट भरणाऱ्या आमच्या गावाला हे ऐकून बरे वाटावे की, हृदयाचे ठिगळसुद्धा विणकामच आहे.

उतारवयातील हिशेब

आता डॉक्टर मंडळी पन्नाशीपुढील माणसाचा निर्णय कसा करतात, ते आम्हांला समजले तेवढे सांगतो.

पहिला प्रश्न फुप्फुसांतील दाबाचा. वर्षानुवर्षे जादा रक्त सोसून काहींच्या फुप्फुसवाहिन्या जाड होतात, दाब चढतो, आणि प्रवाह उलटून अशुद्ध रक्त डावीकडे जाऊ लागते. ओठ निळे पडतात. आयझेनमेंगर यांनी १८९७ साली एका ३२ वर्षांच्या पुरुषात ही अवस्था वर्णिली, आणि लंडनच्या पॉल वूड यांनी १९५८ साली तिचा उलगडा केला. या अवस्थेत भोक म्हणजे बॉयलरची सुरक्षा-झडप. ती बंद केली तर बॉयलर फुटतो. येथे भोक बुजवायचे नसते, माणसाला सांभाळायचे असते. शरीर कोरडे पडू द्यायचे नाही. लोहाची कमतरता होऊ द्यायची नाही. रक्त दाट झाले म्हणून पूर्वी ते वरचेवर काढीत, तसे उगाच काढायचे नाही. सलाईनच्या नळीत हवेचा बुडबुडा जाऊ द्यायचा नाही. या अवस्थेत गरोदरपण तर जिवावर बेतणारे. २००६ पासून फुप्फुसांचा दाब उतरवणाऱ्या गोळ्यांचाही या रोग्यांत उपयोग सिद्ध झाला आहे.

दुसरा प्रश्न डाव्या बाजूच्या ताठरपणाचा. इतकी वर्षे जादा रक्ताला ते भोक पळवाट देत होते. ते एकाएकी बंद केले, तर वृद्ध माणसाच्या फुप्फुसांत पाणी साचू शकते. म्हणून आधी फुग्याने भोक थोडा वेळ बंद करून दाब पाहतात, लघवीवाटे पाणी उतरवणारी औषधे देतात, आणि कधी मुद्दाम लहानशी वाट शिल्लक ठेवतात.

तिसरा प्रश्न ठोक्याचा. चाळिशीनंतर ताणलेला वरचा कप्पा फडफडू लागतो, आत गुठळी होते, आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. भोक बुजवल्याने हा दोष जाईलच असे नाही. म्हणून रक्त पातळ ठेवण्याचे औषध, ठोका आवरण्याचे औषध, आणि काहींत नळीने तो दोष जाळण्याचा उपाय. तो उपाय भोक बुजवण्याआधी सोयीचा, कारण चकती बसल्यावर त्या पडद्यातून डावीकडे जाणे अवघड होते.

थकलेले ऋण

आता अक्कांचे. त्यांचा फुप्फुसांतील दाब वाढलेला होता, पण हद्दीत होता. मांडीतून नळी नेऊन चकती बसवली. महिन्याभरात पायांची सूज उतरली, आणि पुढे सहा महिन्यांत त्या देवळाच्या पायऱ्या न थांबता चढल्या. पण ठोका अनियमितच राहिला. रक्त पातळ ठेवण्याची गोळी आता जन्माची सोबतीण आहे. जे परत मिळाले ते शास्त्राने दिले. जे मिळाले नाही, त्यात आमच्या त्या सल्ल्याचा वाटा आहे. आम्ही तसे त्यांना बोलून दाखवले. त्या म्हणाल्या, "भाऊ, तेव्हा नोकरी गेली असती तर पोरं शिकली नसती." हे उत्तर त्यांच्या मोठेपणाचे. आम्हांला ते मोकळे करीत नाही. नोकरी आणि उपचार यांतून एकच निवडा, असा पेच बाईसमोर उभा राहू न देणे, हेच आमचे काम होते. चिठ्ठी लपवण्याऐवजी चिठ्ठीसकट नोकरी टिकवण्यासाठी भांडायला हवे होते.

मुलांसाठी आता पुष्कळ झाले आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली आपल्याच पालघरला झाला. त्यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत जन्मजात हृदयदोषही पाहतात. ही मोठी गोष्ट आहे. पण जे त्या वेळी १८ ओलांडून गेले होते, ते आज तिशी, पन्नाशी, सत्तरीत आहेत. ते साच्यावर आहेत, शेतात आहेत, आणि या मांडवातही असतील. त्यांच्या घरी शाळेचे डॉक्टर येणार नाहीत.

तेव्हा घरी गेल्यावर एवढे करा. लहानपणी कुणी "हृदयात आवाज आहे" म्हटले होते का, हे आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा. दम लागतो म्हणून वर्षानुवर्षे दम्याचे औषध चालू असून गुण नसेल, तर एकदा छातीचा फोटो, कार्डिओग्राम आणि इको यांविषयी डॉक्टरांना विचारा. जुनी कागदपत्रे फेकू नका. आणि कारखान्यात कुणाला दम लागत असेल, तर कामचुकार हा शब्द वापरण्याआधी त्याला इस्पितळात पाठवा.

अक्कांची ती चिठ्ठी अजून आहे. कागद पिवळा पडला आहे, घडीवर फाटला आहे, पण अक्षर वाचता येते. त्या तरुण डॉक्टराने नळी लावून बरोबर ऐकले होते. आता आमच्या कचेरीत अशी चिठ्ठी घेऊन कुणी आले, तर आम्ही खुर्चीवरून उठतो आणि त्याच दिवशी त्या माणसाबरोबर इस्पितळात जातो.